पन्नासपैकी अठ्ठावीसवर अडकलेली सीईटीची केमिस्ट्री

ऐरोलीत बारावी सायन्सची बॅच घेणाऱ्या एका तरुण शिक्षकांनी विचारलं आहे: दिवाळीनंतर लगेच पोर्शन संपवला, तेव्हापासून रोज एमसीक्यू (चार पर्यायांचे प्रश्न) सोडवून घेतोय, तरी एमएचटी-सीईटीच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या वगैरे राज्यस्तरीय प्रवेश परीक्षेच्या, सराव पेपरात बहुतेक मुलांचे केमिस्ट्रीचे मार्क ५० पैकी २५ ते २८ च्या पुढे सरकत नाहीत. निम्मी मुलं सेमी-इंग्रजी शाळांतून आलेली, काही इंटिग्रेटेड कॉलेजवाली, म्हणजे जिथे कॉलेज आणि प्रवेश परीक्षेचा क्लास एकत्रच चालतो तिथली. बोर्डापर्यंत काय करू, बोर्डानंतर काय करू, आणि हुशार मुलांची वेगळी बॅच काढू का?

सर, पोर्शन वेळेत संपवलात, हे अर्धं काम झालं. आता प्रश्नांची संख्या वाढवून काही हाती लागणार नाही. मुलं पेपर सोडवतात, तुम्ही उत्तरं सांगता, ती चूक-बरोबर करून बेरीज करतात आणि दुसऱ्या दिवशी नवा पेपर हातात पडतो, असं चाललं असेल तर आजचे अठ्ठावीस महिन्याभरानंतरही अठ्ठावीसच राहतील. पहिल्या पेपरात जी चूक झाली ती का झाली, हे मुलाला कुणी विचारलंच नाही, म्हणून ती पाचव्या पेपरातही होते. मी आधी ज्युनिअर कॉलेजात आणि आता ठाण्यात नौपाड्यात स्वतःची छोटी बॅच घेऊन केमिस्ट्री शिकवते आहे, आणि माझं ठाम मत असं आहे की पेपर निम्मे करावेत. वाचलेल्या वेळात प्रत्येक मुलाला शेजारी बसवून विचारावं: "हा ऑप्शन का निवडलास?"

याचं कारण पेपर काढणाऱ्याच्या पद्धतीत आहे. चांगला एमसीक्यू काढणारा तीन चुकीचे पर्याय हवेतून आणत नाही. मुलं जिथे हमखास घसरतात त्या जागा त्याला ठाऊक असतात आणि त्या प्रत्येक घसरणीतून येणारं उत्तर तो पर्यायात ठेवतो. म्हणून चुकीचा पर्याय निवडलेला दिसला, की मूल कोणत्या वाटेनं तिथे पोचलं ते बऱ्याचदा उलगडता येतं. नुसतं "बरोबर उत्तर बी" असं सांगून पुढे गेलो तर ही सगळी माहिती वाया जाते.

हे गणितातच दाखवते. पहिल्या कोटीची अभिक्रिया ६० मिनिटांत ७५ टक्के पूर्ण होते, तर ९३.७५ टक्के पूर्ण व्हायला किती वेळ? पर्याय: ७५, ९०, १२०, २४० मिनिटं. उत्तर १२०. अर्धायुष्य म्हणजे उरलेल्यातलं निम्मं संपायला लागणारा वेळ; ७५ टक्के म्हणजे दोन अर्धायुष्यं, म्हणून एक अर्धायुष्य ३० मिनिटांचं, ९३.७५ टक्के म्हणजे चार अर्धायुष्यं. यात ७५ मिनिटं निवडणाऱ्या मुलानं सरळ त्रैराशिक मांडलेलं असतं. त्याला सूत्र येत नाही असं नाही. विचारलंत तर २.३०३ भागिले के वगैरे घडाघडा म्हणून दाखवेल. पण अभिक्रिया पुढे जाते तसा वेग मंदावतो, ही गोष्ट त्याच्या मनात बसलेलीच नाही. ९० मिनिटं निवडणाऱ्याला अर्धायुष्य समजलंय, फक्त मोजताना एक टप्पा कमी पडला. दोघांनाही शून्यच मार्क, पण दोघांवरचं औषध वेगळं आहे. पहिल्याला आलेख काढायला लावा: शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, असं स्वतःच्या हातानं. दुसऱ्याला फक्त ५०, ७५, ८७.५, ९३.७५ ही माळ पाठ करून घ्या. दोघांना एकाच वेळी फळ्यावर तेच गणित पुन्हा सोडवून दाखवलंत तर पहिल्याला पुरणार नाही आणि दुसऱ्याला कंटाळा येईल.

दुसरं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते हुशार मुलांचं आहे. ग्लुकोज, सोडियम क्लोराइड, बेरियम क्लोराइड आणि युरिया-सोडियम क्लोराइडचं मिश्रण, अशी सारख्याच संहतीची द्रावणं देऊन विचारलं जातं की गोठणबिंदू सर्वांत जास्त कोणाचा. कळव्याहून येणारी माझी एक विद्यार्थिनी, वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारी, अशा प्रश्नात बेरियम क्लोराइड निवडून बसली होती. मी विचारलं, का गं? म्हणाली, "मॅडम, त्याचे तीन आयन होतात, व्हॅन्ट हॉफ फॅक्टर तीन, म्हणून जास्त." सगळं बरोबर. गोठणबिंदूतली घट जास्त होते हेही बरोबर. म्हणूनच गोठणबिंदू सगळ्यात खाली जातो, आणि प्रश्न विचारत होता वरचा. तिला धडा पुन्हा शिकवून काय उपयोग? तिला सवय हवी होती. मी तिला रफ पानावर दोन शब्द लिहायला लावायला लागले: काय विचारलंय आणि कोणत्या दिशेनं. "गोठणबिंदू, वर." मगच पर्याय बघायचे.

ही सवय तुमच्या सगळ्या बॅचला लावा, कारण सीईटी संगणकावर असते. छापील पेपरात मुलं "नॉट", "इन्करेक्ट", "एक्सेप्ट", "लीस्ट" अशा शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारतात. स्क्रीनवर रेघ मारता येत नाही. तुम्ही सराव झेरॉक्सवर घेत असाल, तर मुलांना जी सवय लागते ती खऱ्या परीक्षेत उपयोगाची नाही. एक महिना आधीपासून प्रश्नपत्रिकेवर काहीही खरडायचं नाही, सगळं वेगळ्या कोऱ्या कागदावर, असा नियम करा. आणि शेवटच्या काही आठवड्यांत पूर्ण पेपर संगणकावरच द्यायला लावा. घरी संगणक नसेल तर क्लासमधला एक लॅपटॉप पाळीपाळीनं चालतो.

तिसरी जागा एककांची. ही ठाण्यातली, नवी मुंबईतली, कुठलीही मुलं असोत, सगळ्यांची सारखी. एन्थॅल्पी किलोज्यूलमध्ये दिलेली असते, एन्ट्रॉपी ज्यूलमध्ये. समजा एन्थॅल्पीतला बदल अधिक ३० किलोज्यूल आणि एन्ट्रॉपीतला अधिक १०० ज्यूल प्रति केल्विन, तर कोणत्या तापमानाच्या वर अभिक्रिया आपोआप घडेल? ३० ला १०० नं भागून ०.३ केल्विन उत्तर काढणारी मुलं दरवर्षी असतात, आणि ०.३ हा पर्याय तिथे असतोच. उत्तर ३०० केल्विन. इथे मला नुसतं "एकक बघा" म्हणून समाधान होत नाही. ०.३ केल्विन म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ. एवढ्या थंडीत कुठली साधी अभिक्रिया चालणार आहे, हा प्रश्न मुलाच्या मनात उठला पाहिजे. उत्तर आलं की ते शक्य तरी आहे का, हे तपासायला दोन सेकंद लागतात. दहाचा उणे आठवा घात मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच ८ असं लिहिणारं मूल याच कारणानं फसतं. पाण्यात आम्ल घातलं आणि द्रावण अल्कधर्मी झालं, असं कसं होईल? पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन धरले की पीएच ७ च्या किंचित खाली, ६.९८ च्या आसपास येतो.

आता तुम्हाला एक काम सुचवते. त्यात वेळ जातो, पण माझ्या अनुभवात याइतका फरक दुसऱ्या कशानं पडलेला नाही. मुलांना प्रश्न द्या, बरोबर उत्तरही द्या, आणि तीन चुकीचे पर्याय त्यांना बनवायला सांगा. अट एकच: प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एखादी खरीखुरी चूक हवी, उगीच आकडा नको. उदाहरणार्थ चांदीची घनता घ्या. फलक-केंद्रित घनाकृती जालक, कडेची लांबी ४०९ पिकोमीटर, मोलर वस्तुमान १०७.९. एकक कोष्ठिकेत चार अणू, म्हणून घनता येते दर घन सेंटिमीटरला साधारण १०.५ ग्रॅम. मग मुलं डोकं लढवतात. चारऐवजी दोन अणू धरले तर ५.२५. एकच धरला तर २.६. पिकोमीटरचं सेंटिमीटर करताना घातांक चुकला तर दशांश चिन्ह भलतीकडेच. पाच-सहा धड्यांवर हे केलंत की मुलं पेपर काढणाऱ्याच्या बाजूनं विचार करायला लागतात. मग सापळा त्यांना आधीच दिसतो. शिवाय दोघा-तिघांचे गट केले तर वर्गात जी चर्चा होते ती आपण कितीही शिकवलं तरी होत नाही.

याच गणितात एक सोय आहे. कडेची लांबी अँगस्ट्रॉममध्ये घ्या, म्हणजे ४.०९. तिचा घन ६८.४. त्याला ०.६०२२ नं गुणलं की ४१.२. वर चार गुणिले १०७.९. झालं. दहाचे घातांक आपसांत कापले जातात, म्हणून हे जमतं. पण हे मुलांना पहिल्या दिवशी सांगू नका. एकदा पूर्ण लांबलचक पद्धतीनं सोडवून झालं, घातांक कुठे गेले ते त्यांनी स्वतः पाहिलं, की मग सांगा. गोखले रोडवर आणि वाशी स्टेशनबाहेर शॉर्टकटच्या जाहिरातींचे जे फलक लागतात त्यांच्याशी माझं भांडण एवढंच आहे: आधी शॉर्टकट दिला की एकक बदललं, किंवा घनतेऐवजी अणूची त्रिज्या विचारली, की मूल जागच्या जागी थांबतं.

सीईटीत कॅल्क्युलेटर नसतो. त्यामुळे दहा मिनिटं रोज हातानं आकडेमोड, हा भाग मला प्रार्थनेइतका नेमाचा वाटतो. लॉग २ म्हणजे ०.३०१०, लॉग ३ म्हणजे ०.४७७१, लॉग ५ म्हणजे ०.६९९०, एवढ्यावर पीएचची आणि गतिकीची बहुतेक गणितं सुटतात. ९६५०० हा आकडा (एक मोल इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, कुलोंबमध्ये) दिसला की करंट आणि वेळेच्या गुणाकारात ९६५ दडलंय का ते शोधायची सवय लावा. ९.६५ अँपिअर करंट १००० सेकंद, म्हणजे ९६५० कुलोंब, म्हणजे ०.१ मोल इलेक्ट्रॉन, म्हणजे ०.०५ मोल तांबं, म्हणजे ३.१७५ ग्रॅम. ६.३५ ग्रॅम लिहिणारा तांब्याला दोन इलेक्ट्रॉन लागतात हे विसरला. तुमच्याकडे एक गोष्ट माझ्यापेक्षा सोयीची आहे. रबाळे, महापे, तुर्भे या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात प्लेटिंगचे (धातूचा मुलामा देण्याचे) गाळे आहेत आणि ऐरोली-घणसोलीच्या काही मुलांच्या घरचं कुणी ना कुणी तिथे कामाला असतं. त्यांना घरी विचारायला सांगा: रेक्टिफायरवर करंट किती ठेवता, जॉब टाकीत किती वेळ ठेवता? त्या दोन आकड्यांवरून किती जस्त चढायला हवं ते मुलांनी काढावं. प्रत्यक्षात थोडं कमी चढतं, कारण काही करंट हायड्रोजन सुटण्यात जातो. हे एकदा घरच्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं मूल फॅरडेचा नियम विसरत नाही.

फिजिकल केमिस्ट्रीबद्दल, म्हणजे गणितांच्या भागाबद्दल, एवढं बोलले कारण मार्क तिथेच अडकलेले असतात. इनऑरगॅनिकला मी फार वेळ देत नाही, पण एका बाबतीत कडक आहे: बालभारतीचं पुस्तक ओळ न् ओळ वाचायचं. नोट्सवरून नाही, पुस्तकावरून. मधल्या चौकटी, आकृत्यांखालचे मजकूर, तक्ते, सगळं. तक्त्यातले आकडे पाठ करायचे नाहीत. कल कुठे वाढतो, कुठे मोडतो आणि का, एवढंच टिपायचं. झेनॉनच्या फ्लोराइडांचे आकार, क्रोमिअम आणि कॉपरचं इलेक्ट्रॉन संरूपण, चुंबकीय आघूर्णाची १.७३, २.८३, ३.८७, ४.९०, ५.९२ ही माळ, या गोष्टी तोंडावर हव्यात. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत ठाणे ते वाशी जाताना दोन मैत्रिणी एकमेकींना हेच विचारत बसल्या तर वेगळा वेळ काढावा लागत नाही.

ऑरगॅनिकमध्ये मुलं नावांच्या ओझ्याखाली दबतात. रोझेनमुंड, स्टीफन, एटार्ड, क्लेमेन्सन, वुल्फ-किश्नर, गॅब्रिएल, हॉफमन. ती पाठ असूनही चुकतात, कारण कुणी कार्बन मोजत नाही. माझ्या वर्गात कुठल्याही रूपांतरणाचा पहिला प्रश्न असतो: कार्बन वाढला, घटला की तेवढाच राहिला? इथिल ब्रोमाइडवर पोटॅशियम सायनाइड टाकलं की कार्बन एकानं वाढला. त्याचं सोडियम आणि इथेनॉलनं क्षपण केलं की प्रोपेन-१-अमाइन. प्रोपेनअमाइडवर ब्रोमिन आणि अल्कली, म्हणजे हॉफमन, की कार्बन एकानं घटला आणि इथेनअमाइन मिळालं. निम्मे पर्याय नुसत्या कार्बनच्या मोजणीवर बाद होतात. दुसरा प्रश्न: ही अभिक्रिया कोण देत नाही? बेन्झाल्डिहाइड टॉलेन्स चाचणी देतं, फेहलिंग चाचणी देत नाही. गॅब्रिएलनं अ‍ॅनिलिन बनत नाही. अल्फा हायड्रोजन नसेल तर अल्डॉल नाही, तिथे कॅनिझारो. पेपर काढणाऱ्याला हे अपवाद फार आवडतात. पोटॅशियम सायनाइड आणि सिल्व्हर सायनाइड, पोटॅशियम नायट्राइट आणि सिल्व्हर नायट्राइट या जोड्या एकत्रच शिकवा, वेगवेगळ्या दिवशी नको.

आता अभ्यासक्रमाची एक अडचण, जी तुमच्या इंटिग्रेटेडवाल्या मुलांना थेट लागू आहे. सीईटी राज्य मंडळाच्या पुस्तकांवर असते, साधारण २० टक्के अकरावीचं आणि ८० टक्के बारावीचं. अकरावीचे सगळे धडे नसतात, निवडक असतात, म्हणून सीईटी सेलच्या संकेतस्थळावरचा यंदाचा अभ्यासक्रम आधी डोळ्यांखालून घाला आणि भिंतीवर चिकटवा. जेईई किंवा नीट डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेल्या मुलांचं बऱ्याचदा काय होतं, की २०२३-२४ पासून एनसीईआरटीतून सॉलिड स्टेट, पॉलिमर असे धडे गेले आणि जेईई मेन्समधूनही ते वगळले गेले. त्यामुळे त्यांच्या क्लासमध्ये हे धडे शिकवलेच जात नाहीत. बालभारतीच्या बारावीच्या सोळा धड्यांत मात्र सॉलिड स्टेट पहिलाच आहे, पॉलिमर पंधरावा आणि ग्रीन केमिस्ट्री व नॅनोकेमिस्ट्री सोळावा. आयनिक इक्विलिब्रियाची अवघड गणितं करणारं मूल सोळाव्या धड्यातल्या सोप्या प्रश्नावर मार्क घालवतं, तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण तो मार्क दीड तासाच्या वाचनात मिळाला असता.

जुन्या पेपरांच्या बाबतीत उलटी काळजी घ्या. बारावीचं सध्याचं पुस्तक २०२०-२१ पासूनचं आहे. त्याआधीच्या प्रश्नसंचांत पंधराव्या गटातली मूलद्रव्यं असतात, जी आता बारावीत नाहीत. असे प्रश्न गाळूनच पेपर मुलांच्या हातात द्या. नाहीतर जे शिकवलंच नाही ते आलं नाही म्हणून मुलं हिरमुसतात आणि तुमचाही आकडा चुकीचा येतो.

आकड्याचं निघालं म्हणून सांगते, २८ हा आकडा तरी खरा आहे का ते तपासा. सीईटीत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे मुलं सगळं भरून येतात, आणि ते योग्यच आहे. पण सरावात प्रत्येक उत्तरापुढे एक खूण करायला लावा: खात्रीनं लिहिलं, शंका होती, की नुसता अंदाज. मग चुकलेल्यांइतकेच अंदाजानं बरोबर आलेले प्रश्नही चर्चेला घ्या. एखाद्याच्या २८ मध्ये सात अंदाजाचे निघाले तर त्याची खरी तयारी २१ ची आहे, आणि दुसऱ्याचे २८ पैकी २८ खात्रीचे असून उरलेले वाचायच्या घाईत गेले असतील. दोघांना एकाच यादीत एकाच नंबरवर बसवून पालकांना कळवणं मला अन्यायाचं वाटतं.

बोर्डापर्यंतच्या वेळेचं. प्रिलिम, प्रॅक्टिकल, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये लेखी. या काळात सीईटीचे पूर्ण पेपर बंद ठेवा. आठवड्यातून एकदा वीस प्रश्न, आणि त्यांची सविस्तर चर्चा, एवढं पुरे. बोर्डाचा केमिस्ट्रीचा लेखी पेपर ७० मार्कांचा, त्यात एमसीक्यू १० मार्कांचे. बाकी सगळं लिहायचं आहे. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला बोर्डात पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीव गटांना ४० टक्के लागतात, म्हणून काही क्लासवाले सांगतात, बोर्डाकडे बघूच नका. मला हे पटत नाही. दोन मार्कांचं "कारण द्या" नीट लिहिता येणाऱ्या मुलाला सीईटीतला विधान-आणि-कारण प्रकारचा प्रश्न सोपा जातो, कारण त्यानं ते कारण एकदा स्वतःच्या वाक्यात मांडलेलं असतं. सिद्धता लिहून काढलेल्याला सूत्रातलं प्रत्येक अक्षर कुठून आलं ते माहीत असतं. इंटिग्रेटेडवाल्या मुलांचा प्रयोगशाळेशी फारसा संबंध आलेला नसतो, त्यांना क्षारपरीक्षणाचे रंग आणि साके निदान व्हिडिओवर तरी दाखवा. आणि शक्य असेल तर एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये दोन दिवस काढून द्या.

सेमी-इंग्रजीतून आलेल्या मुलांबद्दल तुम्ही काळजीनं लिहिलंय. त्यांना समजतं, पण बोलता येत नाही म्हणून ती वर्गात गप्प बसतात, आणि आपण समजतो की कच्ची आहेत. त्यांना मराठीत समजावून सांगू द्या. पारिभाषिक शब्द इंग्रजीच राहू देत, वाक्य मराठी. "मॅडम, रेट कॉन्स्टंट बदलत नाही कारण टेम्परेचर तेच आहे" हे वाक्य कुठल्याही भाषेत तितकंच बरोबर आहे. त्यांची खरी अडचण प्रश्नाच्या लांब इंग्रजी वाक्यात असते, म्हणून रोज दोन मोठे प्रश्न फक्त वाचून घ्या. सोडवायचे नाहीत. काय दिलंय, काय विचारलंय, एवढंच सांगायचं. या मुलांचे मार्क सगळ्यात झपाट्यानं वाढतात.

बोर्डानंतर सीईटीपर्यंत मोजकेच आठवडे मिळतात. तेव्हा आठवड्याला दोन पूर्ण पेपर, आणि प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ चर्चेला. पेपर नेहमी फिजिक्ससकट घ्या, कारण परीक्षेत या दोन्ही विषयांचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत असतात. नुसत्या केमिस्ट्रीला पाऊण तास देऊन सराव केलेलं मूल परीक्षेत फिजिक्सला वेळ पुरत नाही म्हणून घाबरतं. माझी मुलं केमिस्ट्री आधी सोडवतात आणि ३५ ते ४० मिनिटांत बाहेर पडतात. फिजिक्सला ५० मिनिटं राहतात. पहिल्या फेरीत लांब गणित दिसलं की खूण करून पुढे जायचं. शेवटची तीन मिनिटं फक्त रिकामं काही राहिलं नाही ना, हे बघायला. गणिताच्या पेपराचे ९० मिनिटं वेगळे असतात, तिथून इथे परत येता येत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

परीक्षा अनेक सत्रांत होते आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये, त्या त्या सत्रातल्या मुलांच्या तुलनेत लागतो. बाहेर पडल्यावर "कालच्या सत्राला सोपा होता" म्हणून रडणारी मुलं मी दरवर्षी समजावते. अवघड पेपर त्या सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो. केंद्र घराजवळ मिळेलच असं नाही. सकाळचं सत्र असेल आणि मूल घोडबंदर रोडवरून निघणार असेल, तर तिथल्या वाहतुकीचा भरवसा धरू नका. एक दिवस आधी पालकांबरोबर जाऊन केंद्र बघून यावं.

शेवटी वेगळ्या बॅचचं. माझ्या मते काढू नका. चाळीसच्या वर मार्क घेणारं मूल जेव्हा पंचविसावर अडकलेल्याला "तू ७५ मिनिटं का निवडलंस" असं विचारतं, तेव्हा दोघांचाही फायदा होतो. सांगणाऱ्याला आपल्याला नक्की किती कळलंय ते समजतं आणि ऐकणाऱ्याला सरांपुढे जी शंका विचारायला संकोच वाटतो ती मित्राला विचारता येते. बसायच्या जागा दर आठवड्याला तुम्हीच ठरवा, नाहीतर मित्र-मित्रच शेजारी बसतात. ज्यांची आकडेमोडच कच्ची आहे त्यांना मात्र आठवड्यातून दोनदा अर्धा तास आधी बोलवा, आणि त्यांच्या पालकांना हे शिक्षा म्हणून नाही, मदत म्हणून आहे, असं स्वतः फोन करून सांगा.